काट्यावर न चढणारी चित्रं

मे महिन्यातली टळटळीत दुपार आहे. नागपुरात मनीषनगरकडून बेसाकडे जाणारा रस्ता ओस पडलाय. नव्या टॉवरसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये कूलर घरघरतोय आणि काट्यावर रद्दी मोजली जातेय. दुकानदार साठीचे आहेत. सगळे त्यांना काकाच म्हणतात.

महालातलं माहेरचं घर रिकामं करणाऱ्या एक बाई मोपेडवरून दोन गठ्ठे घेऊन येतात. काका सुतळी कापत नाहीत, नखानं गाठ सोडवतात. वर्तमानपत्रं एकीकडे, वह्या दुसरीकडे. मधूनच ‘चांदोबा’चे चार अंक निघतात, त्यांच्याखाली वेताळाची, म्हणजे फँटमची, दोन इंद्रजाल कॉमिक्स. काकांचे हात थांबतात. ते आधी शर्टाला बोटं पुसतात, मग अंक उचलतात.

“हे काट्यावर नाही चढत, ताई. याचे पैसे वेगळे देतो.”

“जुनेच तर आहेत, काका.”

“जुने आहेत म्हणूनच जी!”

ते एक पान उघडून धरतात. खांद्यावर प्रेत टाकून विक्रमराजा स्मशानातून निघालाय. “हे शंकरचं काम. साठेक वर्षं हा माणूस चांदोबासाठी चित्रं काढत राह्यला.” 1952 मध्ये ‘चांदोबा’ मराठीत आला आणि के. सी. शिवशंकरन, म्हणजे ‘शंकर’, यांनी काढलेला हा राजा घराघरांत पोचला. काका बाईंना राजाचं पाऊल दाखवतात. “मुडद्याचं वजन पाह्य ना पायावर कसं आलं!” बाई वाकून बघतात. लहानपणी आपण फक्त प्रेतातल्या वेताळाला भ्यायचो, पायाकडे कधी पाहिलंच नव्हतं, म्हणतात.

मागच्या लोखंडी मांडणीवर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत कॉमिक्स उभी आहेत. कसर लागू नये म्हणून फटींत डांबराच्या गोळ्या टाकल्यात. गंजलेल्या पिना काढून काकांनी पाठी दोऱ्यानं शिवल्यात. प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी आहे. तिच्यावर पहिल्या ओळीत चित्रकार, पुस्तकाचं नाव त्याखाली. राम वाईरकर, खाली ‘कृष्ण’. प्रताप मुळीक, खाली ‘नागराज’. रघुवीर मुळगावकरांचं नाव तर जुन्या रहस्यकथांच्या कितीतरी वेष्टनांवर आहे. ‘नागराज’ 1986 मध्ये दिल्लीहून निघाला, पण सुरुवातीच्या काळात त्याला घडवणारा हात पुण्याच्या मुळीकांचा होता, हे मला या चिठ्ठीमुळे कळतं.

“घरी न्यायला पैसे नसायचे,” पिशवी झटकत काका सांगतात. “भाड्याच्या दुकानातच बसून वाचायचो. गोष्ट संपली की चित्रं पाह्यत राह्यचो. मले आर्ट गॅलरी कुठं माहीत होती? माही गॅलरी तेच.”

हे ऐकताना मला पटत जातं की आपल्याकडच्या लाखो मुलांनी पहिलं उत्तम चित्र याच स्वस्त, पिवळ्या पडणाऱ्या कागदावर पाहिलं. शरीराचा तोल, अंधाराची खोली, घोड्याची झेप त्यांना इथेच समजली. काढणाऱ्यांची नावं मात्र आपण पाठ केली नाहीत. काका ती एकेका चिठ्ठीवर लिहून ठेवताहेत.

समोरच्या टॉवरमधला दहा-अकरा वर्षांचा मुलगा आत येतो. बगलेत चित्रवही, तिच्यावर नारुतो. काका त्याच्या हातात वेताळाचा अंक आणि भिंग देतात. भिंगाखाली लाल-निळे ठिपके सुटे होतात.

“काका, बाहेरचा वेताळ वेगळा आहे. आतला वेगळा.”

“काहून?”

“बाहेरचा रंगवलाय. आतल्याला नुसत्या रेषा आहेत.”

काका खूश होऊन मांडीवर थाप मारतात. वेताळ ली फॉक यांनी 1936 मध्ये अमेरिकेत जन्माला घातला. इंद्रजालनं 1964 पासून तो मुंबईतून छापला, तेव्हा आतली चित्रं तिकडची असली तरी सुरुवातीच्या अंकांची मुखपृष्ठं आपल्याकडे बी. गोविंद यांनी रंगवली. या अंकाचा खालचा कोपरा फाटलाय, सही असलीच तर त्याच्यासोबत गेली.

“मग कोनाचं म्हणायचं हे?” काका मुद्दाम विचारतात आणि ‘बहादूर’चा एक अंक पुढे करतात. आबिद सुरतींच्या या नायकाला 1976 मध्ये गोविंद यांनीच रूप दिलं. मुलगा जबडा बघतो, मग मुठी बघतो. भिंग इकडून तिकडे फिरतं. बाई पैसे मोजायचं सोडून त्याच्या खांद्यावरून पाहताहेत.

“बोटं सेम वाटतात, काका. गोविंदच!”

“हाव ना! पण सही सापडेपर्यंत पक्कं नाही म्हणायचं.” काका कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल त्याच्यापुढे सरकवतात. “लिही. नाव आधी, अन् पुढं प्रश्नचिन्ह.”

मुलगा लिहितो. मग मांडणीकडे वळून विचारतो, “अजून कोणाकोणाची नावं राहिलीत?”