मेहंदी, शिवण, भरतकाम : नवी नक्षी कुठे शोधावी?

चाँद रात होती. आमची एक माजी विद्यार्थिनी मोहल्ल्यात मेहंदी काढते. त्या रात्री तिच्या दारापर्यंत रांग लागली होती. आलेली जवळजवळ प्रत्येक मुलगी मोबाइल पुढे करत होती आणि बहुतेकींच्या मोबाइलमध्ये तेच एक चित्र होते. शेवटी एक वयस्कर खाला समोर बसल्या. आजूबाजूचे हात पाहून त्या म्हणाल्या, ‘‘बेटी, ये तो सब के हाथ पे है. तेरी अपनी कौनसी है?’’ मुलीला उत्तर देता आले नाही. ईद झाल्यावर ती आमच्याकडे आली. तिचा प्रश्न साधा होता : स्वतःची नक्षी सुचावी म्हणून पाहायचे काय?

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. आपल्या घरांतल्या कितीतरी मुली मेहंदी, शिवण, आरी वर्क करून चार पैसे मिळवतात. घर सांभाळून होणारी ही हलाल कमाई आहे. फी, वह्या-पुस्तके, कधी घरातले औषधपाणीही त्यातून निघते. पण एकच नक्षी दहाजणी काढू लागल्या की गिऱ्हाईक फक्त भाव विचारते आणि जी कमी घेईल तिच्याकडे जाते. हातात काही वेगळे असेल तरच मेहनतीचा मोबदला टिकतो.

मुली बहुधा पिंटरेस्ट उघडतात. त्यात वाईट काही नाही, पण तिथले चित्र कुणाचे, कुठले, किती जुने, हे बरेचदा कळत नाही. अलीकडे त्यात एआयने बनवलेली चित्रेही मिसळलेली असतात. चित्रातला गळा सुंदर दिसतो, पण टाका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे सापडत नाही. सुईने तसे काम करायला बसले की कापड वाया जाते. शिवाय ते चित्र दुसऱ्या एखाद्या बहिणीच्या कष्टाचे असू शकते. तिचे काम जसेच्या तसे उचलून ‘माझे’ म्हणून विकणे आपल्या अमानतदारीत बसत नाही. कायदाही तेच सांगतो. भारतात चित्र-नक्षीसारख्या कलाकृतीवर कलाकाराचा हक्क तो हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो.

म्हणून आम्ही तिच्यासोबत काही दुपारी बसलो आणि मोठ्या संग्रहालयांच्या वेबसाइट धुंडाळल्या. त्यांतल्या कामाच्या पाच इथे देत आहोत. त्या पाहायला पैसे लागत नाहीत.

पहिली, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमची. या संग्रहालयात इस्लामी कलेचा मोठा विभाग आहे. २०१७ पासून त्यांनी हक्कमुक्त वस्तूंची लाखो छायाचित्रे सर्वांसाठी खुली केली आहेत. शोधताना ‘ओपन अ‍ॅक्सेस’ हा पर्याय निवडला की फक्त तीच चित्रे दिसतात. ती उतरवून घेता येतात आणि धंद्यासाठीही वापरता येतात. इराणमधील इस्फहानच्या एका मदरशातला १३५४-५५ सालचा मेहराब तिथे जरूर पाहावा. रंगीत फरशीचे तुकडे जोडून केलेल्या या कामात भूमितीची नक्षी, फुलांच्या वेली आणि सुलेखन तिन्ही आहेत. ओढणीचा काठ असो की तळहाताची बेल, एका मेहराबातून अनेक कल्पना निघतात.

दुसरी, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची. कापड, पोशाख आणि भरतकाम पाहायचे असेल तर इथे यावे. प्रसिद्ध अर्दबील गालिचा याच संग्रहालयात आहे. त्याच्यावर हिजरी ९४६ म्हणजे इ. स. १५३९-४० हे साल विणलेले आहे. लांबी १० मीटरहून अधिक, आणि तरी मधल्या पदकापासून कोपऱ्यांपर्यंतची मांडणी एका नजरेत कळते. १८९३ मध्ये तो विकत घ्यावा अशी शिफारस इंग्लंडचे नामवंत नक्षीकार विल्यम मॉरिस यांनी केली होती. मात्र या वेबसाइटवरचे छायाचित्र धंद्यासाठी वापरायचे असेल तर परवानगी लागते. अभ्यासाला बंधन नाही.

तिसरी, ‘डिस्कव्हर इस्लामिक आर्ट’. अनेक देशांच्या संग्रहालयांतील वस्तू आणि जुन्या इमारती इथे एकत्र पाहता येतात. मोरोक्कोची, तुर्कस्तानची आणि इजिप्तची नक्षी शेजारी ठेवून पाहिली की फरक आपोआप कळतो.

चौथी आपल्या देशाची, ‘म्युझियम्स ऑफ इंडिया’. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयासह भारत सरकारच्या संग्रहालयांतील वस्तू इथे आहेत. यासाठीची ‘जतन’ ही संगणक प्रणाली पुण्याच्या सी-डॅकने तयार केली आहे. पाचवी, बंगळुरूची ‘मॅप अकादमी’. भारतीय कला आणि कापडावरचे छोटे लेख तिथे सोप्या इंग्रजीत मिळतात. जरदोजी, इकत, अजरख हे नेमके काय, कसे करतात, हे मुलींनी इथे वाचावे.

शोधताना शब्द इंग्रजीत टाइप करावे लागतात. स्पेलिंग येत नसेल तर मोबाइलला बोलून सांगावे. वर्गात आम्ही हेच करतो.

आता मुख्य गोष्ट. चित्र सापडले की लगेच हातावर उतरवू नये. आधी त्याचे हाड शोधावे. बहुतेक भौमितिक नक्षी कंपास आणि पट्टीने उभी राहते आणि या दोन्ही वस्तू मुलांच्या दप्तरात असतात. वर्तुळ काढा. त्यात एक चौकोन काढा आणि त्यावर दुसरा तेवढाच चौकोन ४५ अंश फिरवून बसवा. आठ टोकांचा तारा तयार होतो. कंपासचे माप न बदलता वर्तुळाच्या कडेवर खुणा करत गेलात तर बरोबर सहा खुणा पडतात आणि त्यांतून सहा पाकळ्यांचे फूल मिळते. एवढे आले की जाळी, टिक्की, गळ्याचा गोल, दामनाचा काठ सगळे स्वतः रचता येते.

अक्षरांच्या नक्षीत विशेष काळजी हवी. संग्रहालये बरेचदा वस्तूवर काय लिहिले आहे त्याचा अर्थ देतात, इकडून तिकडून आलेले चित्र देत नाही. जे वाचता येत नाही ते कपड्यावर काढू नये. आयत असेल तर ती पायाखाली, धुण्यात किंवा कचऱ्यात जाणार नाही याची जबाबदारी आपली आहे. ज्या घरांत सजीवांची चित्रे टाळतात त्यांनाही अडचण नाही. वेली, फुले आणि भूमिती यांचाच खजिना इतका मोठा आहे की एका आयुष्यात संपणार नाही.

आणि नजर तयार झाली की आपल्या जवळचेही दिसू लागते. औरंगाबादची हिमरू शाल घरात असेल तर ती कपाटातून काढून मुलींना दाखवा. रेशीम आणि सुताचे हे विणकाम महाग किनखाबाच्या धर्तीवर सुरू झाले आणि त्याच्या नावाचा अर्थही ‘सारखे दिसणारे’ असा सांगितला जातो. दुसऱ्याचे पाहून सुरू झालेले काम आपल्या कारागिरांच्या हातात पुढे औरंगाबादची ओळख बनले. बीबी का मकबऱ्याला सहलीला जाल तेव्हा सेल्फीसोबत तिथल्या जाळ्यांचाही फोटो घ्या.

बकरी ईदला आमच्या त्या विद्यार्थिनीने मोबाइल आत ठेवला आणि वही बाहेर काढली. वहीत बारा नक्ष्या होत्या, सगळ्या तिने स्वतः रचलेल्या. खालांच्या तळहातावर तिने आठ टोकांचा तारा काढला. एक रेघ थोडी हलली. खालांनी हात उजेडात धरून बराच वेळ पाहिला आणि आपल्या नातीला हाक मारली, ‘‘इसके पास बैठ.’’

पालकांना एवढीच विनंती की मुलीच्या हातातला मोबाइल नुसता हिसकावून घेऊ नका. आठवड्यातून अर्धा तास तिच्या शेजारी बसा, यांतली एक वेबसाइट उघडा आणि तिला विचारा, यात तुला काय आवडले? एक वही आणि एक कंपास घेऊन द्या. अल्लाह आपल्या मुलींच्या हातांत बरकत देवो.