मॅनेजर म्हणजे पिशवीवाले सर नव्हेत

यवतमाळात शाळेच्या फुटबॉल संघाचे मॅनेजर म्हणजे बहुधा गणिताचे नाहीतर मराठीचे सर. सुब्रतो मुखर्जी चषकासाठी पोरं विभागीय सामन्यांना निघाली, की जन्मदाखले, आधार कार्डाच्या झेरॉक्स आणि एसटीचे सुटे पैसे ज्यांच्या पिशवीत, ते मॅनेजर. कोणाला खेळवायचं आणि हाफटाइमनंतर कोणाला बसवायचं, हे पीटीचे सर बघतात. त्यामुळे भारताचा प्रशिक्षक खालिद जमील याच्याविषयी कोणी 'पूर्वी क्लबचा मॅनेजर होता' असं म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे ती पिशवीच येते.

इंग्लंडच्या क्लबांत मॅनेजर हा शब्द जुना. संघ निवडणारा, डावपेच ठरवणारा, कोणता खेळाडू घ्यायचा यात शब्द असणारा तो मॅनेजर. आपल्याकडे क्लबात हे काम मुख्य प्रशिक्षकाचं. 'टीम मॅनेजर' वेगळा असतो. नोंदणी, प्रवास, हॉटेल त्याच्याकडे. जमीलचं काम पहिल्या प्रकारचं, आणि हरल्यावर नोकरी जाते तीही पहिल्याचीच.

दुसरा गैरसमज जास्त चिवट आहे. मोठा खेळाडू होता, म्हणजे मोठा प्रशिक्षक होणारच! रोमानियाचा गेऑर्गे हाजी घ्या. १९९४ च्या विश्वचषकात त्याच्या डाव्या पायावर रोमानिया उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. रेआल माद्रिद आणि बार्सिलोना या दोन्ही क्लबांकडून तो खेळला. २००१ मध्ये खेळणं थांबवलं आणि त्याच वर्षी देशाच्या संघाचा प्रशिक्षक झाला. पात्रता फेरीच्या शेवटच्या टप्प्यात स्लोव्हेनियाकडून हार, २००२ चा विश्वचषक हुकला, हाजी बाहेर. पुढची बरीच वर्षं तुर्कस्तान आणि रोमानियातल्या क्लबांत येण्याजाण्यात गेली. गालातासारायला तुर्की चषक मिळवून दिला, पण प्रशिक्षक म्हणून साखळी विजेतेपद काही हाती लागेना. ते आलं मे २०१७ मध्ये, विटोरुल या क्लबबरोबर. हा क्लब हाजीने स्वतः २००९ मध्ये काढलेला, तरुण पोरांना घेऊन वाढवलेला.

त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, ३० एप्रिल २०१७ ला, शिलाँगमध्ये जमीलचा मिझोरामी संघ ऐझॉल एफसी भारतातल्या आय-लीग या साखळीचा विजेता ठरला होता.

जमील काही हाजी नव्हता. कुवेतमध्ये १९७७ साली जन्म, मुंबईच्या महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाकडून मिडफिल्डला खेळला, भारताकडूनही काही सामने. मग दुखापतींनी पाय धरले. २००९ मध्ये मुंबई एफसीचा प्रशिक्षक झाला आणि सात वर्षं तिथंच राहिला. त्या सात वर्षांत एकही चषक नाही. मात्र संघ खालच्या विभागात घसरलाही नाही. लहान क्लबात 'न घसरणं' हेच वर्षभराचं पीक असतं. पण हे कळायला गुणतक्ता वरून नव्हे, खालून वाचावा लागतो. २०१६ मध्ये क्लबने त्याला निरोप दिला. पुढच्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेली.

आणि ऐझॉल? तो तर आदल्याच वर्षी घसरलेला संघ. गोव्याचे क्लब लीगमधून बाहेर पडले म्हणून त्याला परत घेतलं होतं. पैशाशिवाय लीग जिंकता येत नाही हा समज इथं सपाट झाला. जमीलने मुंबईहून आपल्या ओळखीचे खेळाडू नेले, त्यांत मुंबईचा जयेश राणे होता. मिझोरामच्या पोरांशी त्यांची मोट बांधली. शेवटून दुसऱ्या सामन्यात मोहन बागानला १-० हरवलं आणि शिलाँगला तिथल्याच लाजाँग संघाशी १-१ बरोबरी साधून एका गुणाने विजेतेपद घेतलं. ईशान्येकडच्या क्लबाला पहिल्यांदाच.

आता रस्ता मोकळा, असं वाटेल. पण नाही. कोलकात्याच्या ईस्ट बंगालने त्याला नेलं, तिथं लीगमध्ये चौथा क्रमांक. मग मोहन बागानमध्ये थोडाच काळ. कोलकात्यात चौथा क्रमांक म्हणजे गुन्हाच असतो. त्यानंतर इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये तो परदेशी प्रशिक्षकाच्या हाताखाली काम करत होता. जानेवारी २०२१ मध्ये तो प्रशिक्षक गेला, संघ तात्पुरता जमीलकडे आला आणि साखळीतल्या उरलेल्या सामन्यांत एकही हरला नाही.

आयएसएलला परदेशीच प्रशिक्षक लागतो, हा समजही त्याच सुमाराला पातळ झाला. २०१४ च्या पहिल्या हंगामात सगळेच मुख्य प्रशिक्षक परदेशी होते. जमील हा त्या लीगमधला पहिला कायम भारतीय मुख्य प्रशिक्षक. कायम झाल्यावरच्या हंगामात संघ अकरांत दहावा आला, हेही इथंच सांगायला हवं. पुढे जमशेदपूर, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारताचा संघ. २०११-१२ मधल्या साव्हियो मेदेरानंतर या खुर्चीवर बसलेला तो पहिला भारतीय. पहिल्याच सामन्यात ताजिकिस्तानला त्यांच्या घरी २-१ हरवलं. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून १-२ हार झाली आणि २०२७ चा आशियाई चषक हातचा गेला.

महाराष्ट्राचा फुटबॉलशी काय संबंध, असं विचारणाऱ्यांना दोनच गोष्टी. रोव्हर्स चषक १८९१ पासून मुंबईत खेळला गेला. आणि २००५-०६ ची राष्ट्रीय लीग महिंद्रा युनायटेडने जिंकली, तेव्हा प्रशिक्षक होता गोव्याचा माजी बचावपटू डेरिक परेरा. पुढे २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. विदर्भात म्हणाल तर कामठीचा रब्बानी हा फुटबॉल क्लब आहेच.

राहता राहिला प्रशिक्षकाच्या परवान्याचा प्रश्न. माजी खेळाडूला प्रशिक्षकाचं पद आपोआप मिळत नाही. परवाने डी, सी, बी, ए आणि शेवटी प्रो अशा पायऱ्यांनी चढायचे असतात. जमीललाही त्या चढाव्या लागल्या. पहिल्या पायरीसाठी व्यावसायिक क्लबकडून खेळलेलं असण्याची अट नाही, म्हणजे पीटीचे सर तर बसू शकतातच, गणिताचे सरही बसू शकतात. पिशवी तेवढी दुसऱ्या कोणाकडे द्यावी लागेल.