पाइप नवा घाला, निपल जुनेच ठेवा
जुन्या गाड्यांचे काम करणाऱ्या मेस्त्रींसाठी

बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास येतो. रबरी पाइपावर बोट फिरवले की बारीक चिरा हाताला लागतात. पाइप बदलायला हवा हे उघड असते; पण बाजारात दोन्ही टोकांच्या फिटिंगसह तयार पाइप मिळत नाही. ॲम्बेसेडरसारख्या गाडीचे उत्पादनच २०१४ साली बंद झाले. मग कोणी चिरेवर ट्यूबची पट्टी गुंडाळतो, कोणी खराब टोक कापून तोच पाइप ताणून बसवतो. हे दोन्ही उपाय आगीला आमंत्रण देणारे आहेत.

खरे पाहता खराब होते ते रबर. पितळेचे किंवा लोखंडाचे फिटिंग बहुधा चांगले असते. ते सोडवून नव्या पाइपाला बसवणे हे हातच्या कसबाचे काम आहे, आणि त्यात आपल्या कारागिरांना चांगली मजुरीही मिळू शकते.

पाइप का मरतो?

इंजिनच्या उष्णतेने रबर कडक होते व तडकते. त्यात २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. जुन्या जातीचे रबर इथेनॉलने फुगते, मऊ पडते. त्याचे कण सुटून कार्बोरेटरचे जेट तुंबतात. ट्रॅक्टरची गोष्ट जरा वेगळी. फीड पंपाच्या आधीच्या पाइपाला चीर पडली, तर डिझेल गळण्याऐवजी हवाच आत ओढली जाते. मेस्त्री पंप खोलत बसतो आणि दोष मात्र पाइपात असतो.

फिटिंग कसे सोडवावे?

बॅटरीची तार काढा. इंजेक्शनच्या गाडीत आधी लाइनमधले प्रेशर उतरवा. पाइप रिकामा करून गाडीपासून दूर न्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साचते. म्हणून तिथे ग्राइंडर, बिडी, उघडा दिवा काही नको.

फिटिंगचा षटकोनी भाग वाइसमध्ये धरा, नळीचा भाग नको. वरचे दाबलेले कडे हाताच्या आरीने लांबीच्या दिशेने कापा. पातळ पापुद्रा उरला की थांबा आणि स्क्रूड्रायव्हरने पिळून कडे उघडा. आरी निपलपर्यंत गेली तर त्या चरातून पुढे गळती होणारच. रबर जाळून काढू नका. ब्रेझिंगचे सांधे कमजोर होतात आणि काही रबरांचा धूर अतिशय विषारी असतो.

निपल पुसून उजेडात पाहा. कंगोरे झिजलेले, आडवा चर पडलेला, गंजाचे खड्डे किंवा आटे गेलेले असतील तर ते फेकून द्या. पोकळ बोल्टाच्या जोडाला तांब्याचे वॉशर दरवेळी नवे घाला. कापलेले कडे पुन्हा कधीच वापरू नये.

कोणता पाइप, कोणती क्लिप?

कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचे प्रेशर जेमतेम ३ ते ५ पौंड असते, इंजेक्शनच्या गाडीत साधारण ४० ते ६० पौंड. पाइपावरचा छाप वाचा. ‘जे३०आर७’ हा कमी प्रेशरचा. ‘जे३०आर९’ इंजेक्शनसाठी, आणि त्याचे आतले अस्तर इथेनॉललाही टिकते. आतला व्यास जुन्याइतकाच हवा. सैल पाइप क्लिपने आवळून चालत नाही.

साध्या क्लिपच्या खाचा रबर कापतात. म्हणून सपाट पट्टीची, कडा वळवलेली क्लिप घ्या. निपलचे कंगोरे ठळक असतील तरच क्लिपवर भरवसा ठेवावा. उथळ कंगोऱ्यांचे निपल मूळचे मशीनने दाबण्यासाठीच असते. असे काम हायड्रॉलिक पाइपवाल्याकडे न्यावे आणि तेथे पेट्रोलचाच पाइप नव्या कड्यासह दाबून घ्यावा. कॉमन रेल डिझेलमध्ये पंपापासून इंजेक्टरपर्यंत हजार बारहून अधिक प्रेशर असते. तेथे लोखंडी पाइपच लागतो, जुगाड नको.

तपासल्याशिवाय किल्ली देऊ नका

प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून इंजिन चालवा. इंजिन गरम झाल्यावर पुन्हा पाहा आणि थंड झाल्यावर तिसऱ्यांदा. कागद किंचित ओला झाला तरी जोड उघडावा.

मजुरी सांगताना जुना पाइप ग्राहकाच्या हातात द्या. फिटिंग जुनेच ठेवले आहे, पाइप व क्लिप नव्या आहेत, हे बिलावर स्पष्ट लिहा. जुने फिटिंग नवे म्हणून विकणाऱ्याचा धंदा फार दिवस चालत नाही. गाडी ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे, आणि तिच्यात ग्राहकाची मुलेबाळे बसतात. शंभर रुपयांचा पाइप वाचवताना एवढे लक्षात असू द्यावे.