सावलीतली नोकरी आणि ‘ड’ जीवनसत्त्व

आपल्या मागच्या पिढ्यांच्या वाट्याला ऊन नको इतके आले. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारींवर आजही मजूर दिवसभर उन्हातच राबतात. शिक्षणाने अनेक घरांतील मुलांना त्या उन्हातून काढून खुर्चीवर बसवले. ही सावली कष्टाने मिळवलेली आहे, तिचा अभिमान असायलाच हवा. मात्र बँकेत, कचेरीत, दुकानात नोकरी करणारे आपले माजी विद्यार्थी भेटतात तेव्हा कंबरदुखीच्या आणि थकव्याच्या तक्रारी हमखास ऐकू येतात. सगळ्या दुखण्यांचे मूळ एक नसते. परंतु ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता हे त्यांतील एक असू शकते, आणि तिच्याविषयीची माहिती बहुधा अर्धवट असते.

मासे, अंड्यातील पिवळा बलक अशा मोजक्या पदार्थांत हे जीवनसत्त्व थोडेफार सापडते. एरवी सूर्याचे अतिनील किरण त्वचेवर पडले की शरीर ते स्वतः तयार करते. ते कमी पडल्यास आहारातील कॅल्शियम नीट शोषले जात नाही. धुराने आकाश झाकलेल्या युरोपातील कारखानी शहरांत मुडदुसाने कामगारांच्या मुलांचे पाय वाकत. बर्लिनच्या हुल्डशिन्स्की या डॉक्टरांनी १९१९ मध्ये अतिनील दिव्याच्या प्रकाशात अशी मुले बरी करून दाखवली. उजेड मिळणे हे कामाच्या तासांवरही अवलंबून असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मजूरमंत्रिपदाच्या काळात, १९४६ च्या कायदादुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले, ते या दृष्टीनेही वाचावे.

सकाळच्या कोवळ्या उन्हाचा महिमा आपल्याकडे फार. प्रत्यक्षात त्यात हे किरण अत्यल्प असतात. सावली आपल्या उंचीएवढी किंवा तिच्यापेक्षा आखूड पडते तेव्हाचे ऊन कामाचे. खिडकीच्या काचेआडून ते मिळत नाही. सावळ्या त्वचेला वेळ अधिक लागतो. हिवाळ्यात जेवणाच्या सुट्टीत, मे महिन्यात दहाच्या सुमारास, हात उघडे ठेवून थोडा वेळ बाहेर फिरावे. रंग काळवंडेल म्हणून मुलींना उन्हात जाऊ न देणाऱ्या सुशिक्षित घरांना मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे: गोऱ्या रंगाचा हा मोह ज्या विषमतेतून आला, ती आपण नाकारली आहे.

औषधाच्या दुकानात मिळणारी पुडी ६०,००० एककांची असते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढाची रोजची गरज ६०० एकक, म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांचा साठा. डॉक्टर ती ठरावीक आठवडेच देतात. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर महिनोन्महिने घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. पुडी फोडण्याआधी डॉक्टरांना विचारावे. ते सांगतील तर रक्त तपासून घ्यावे.