राखणीच्या कुत्र्याचा वारंवार उलटणारा त्वचारोग

बैलाचा खांदा आला किंवा गाईची कांस सुजली, तर शेतकरी त्याच दिवशीं जनावरांचा दवाखाना गांठतो. दारच्या कुत्र्याचे केस झडूं लागले, तर मात्र “पाऊस उघडला म्हणजे जाईल” असें म्हणून प्रकरण पुढील तारखेवर टाकलें जातें. आमची सारी हयात महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली असल्यामुळें प्रकरणें लांबणीवर टाकण्याची विद्या आम्हांस चांगली अवगत आहे. ती या कामीं आमच्या कशी अंगाशीं आली, तें वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

निफाड, सिन्नर, दिंडोरी या तालुक्यांत मळ्यावर वस्ती करून राहणाऱ्यांस कुत्र्याची किंमत सांगावयास नको. गोदाकांठच्या उंसांत बिबट्या वावरूं लागल्यापासून रात्रीची पहिली चाहूल त्यासच लागते. आमचा मोत्या हा असाच साधा गांवठी कुत्रा, तांबूस रंगाचा व आंखूड केसांचा. तिसऱ्या वर्षीं भाद्रपदांत त्याच्या पोटावर व मांड्यांच्या आंतील बाजूस बारीक लाल पुळ्या उठल्या. कांहींच्या टोकाशीं पू होता. पुळी फुटली कीं तेथें गोल चट्टा पडे व चट्ट्याच्या कडेस सुटलेल्या कातड्याचा पापुद्रा झालरीप्रमाणें राही. पाठीवरचे केस जागजागीं गेले आणि अंग कसर लागलेल्या घोंगडीसारखें दिसूं लागलें. पुळी आणि ही गोल झालर हीं पुवाच्या त्वचारोगाचीं ठळक चिन्हें होत. परंतु गोल चट्टा दिसला म्हणजे तो गजकर्णच, अशी समजूत असते. आम्हीहि तेंच समजलों.

पुढें जें केलें तें सांगावयास संकोच वाटतो. प्रथम ट्रॅक्टरचें जळकें ऑईल आणून अंगभर चोपडलें. कुत्रा अंग चाटणारच. तो दोन दिवस ओकत राहिला व अन्नास शिवला नाहीं. हा उपचार गांवोगांव चालतो, म्हणून येथें स्पष्ट लिहितों कीं, जळकें ऑईल, रॉकेल किंवा पिकावर फवारावयाचें औषध कुत्र्याच्या अंगास लावणें म्हणजे त्यास विष पाजण्यासारखेंच आहे. त्यानंतर एका गृहस्थांनीं सुई टोंचली. खाज एका दिवसांत थांबली, घरांत सर्वांस आनंद झाला, आणि महिन्याभरानें रोग दुपटीनें उलटला. असें तीनदां झालें. ती सुई स्टेरॉइडची होती, हें मागाहून कळलें. या औषधानें खाज दबते, पण अंगची प्रतिकारशक्तीहि दबते, आणि पुवाच्या जंतूंस मोकळें रान मिळतें. चौथ्या खेपेस गोळ्या मिळाल्या. पांच दिवसांत चट्टे वाळतांच उरलेल्या गोळ्या आम्हीं “पुढच्या वेळीं उपयोगीं पडतील” म्हणून कोनाड्यांत ठेवल्या.

दुसऱ्या वर्षीं अंगास दुर्गंधी येऊं लागली. मुलें जवळ जाईनात, आणि कुत्रा कसारा घाटांत नेऊन सोडावा अशी गोष्ट घरांत निघाली. तेव्हां आम्ही त्यास घेऊन नाशिकास पशुवैद्यांकडे गेलों. त्यांनीं विचारलें, “पहिल्यानें कोणत्या महिन्यांत उठलें? अंगाच्या कोणत्या भागीं? आधीं खाज कीं आधीं पुळ्या?” जन्मभर दुसऱ्यांच्या शेतांची पीकपाहणी व दप्तर ज्यानें राखलें, त्याच्याजवळ स्वतःच्या कुत्र्याविषयीं एक ओळहि लिहिलेली नव्हती!

त्यांनीं जें समजाविलें त्याचें सार असें. हा पू बहुतकरून स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस नांवाच्या जंतूमुळें होतो. २००५ साली हा जंतू निराळा म्हणून ओळखला गेला. तो निरोगी कुत्र्याच्या अंगावरहि राहतो व तेथें कांहीं करीत नाहीं. कुंपण मोडल्याशिवाय ढोर पिकांत शिरत नाहीं, त्याप्रमाणें कातडीचें रक्षण ढळल्याशिवाय हा जंतू आंत घुसत नाहीं. तेव्हां एकदां पुळ्या उठल्या तर त्या बऱ्या कराव्या. परंतु पुनःपुन्हा उठत असतील तर कुंपण कोठें मोडलें तें शोधलेंच पाहिजे.

शोधण्याची रीत कठीण नाहीं. चट्टे पूर्ण बरे झाल्यावरहि खाज राहते कीं जाते, हें प्रथम पाहावें. खाज राहिली तर पिसवा, लूत अथवा एखादी वस्तु न सोसणें यांपैकीं कांहीं असावें. खाज नव्हतीच किंवा पुळ्यांबरोबर गेली, आणि कुत्रा सुस्त व लठ्ठ होत चालला असेल, तर थायरॉईड ग्रंथीची तपासणी करावी लागते. शेपटीच्या मुळाशीं व मांड्यांवर खाजवितो तो बहुधा पिसवांमुळें. कानाच्या पाळ्यांच्या कडा व कोपरें खरबरीत झालीं तर लूत समजावी. ती घरच्या माणसांसहि खाज आणते. कोवळ्या कुत्र्याच्या तोंडावरचे व पुढच्या पायांवरचे केस गेले, तर केसांच्या मुळांत राहणारा डेमोडेक्स हा कीटक असण्याचा संभव असतो. तो मोठ्या कुत्र्यांत वा माणसांत पसरत नाहीं. पंजे चाटणें व कान खाजविणें दरसाल एकाच ऋतूंत चालत असेल, तर धूळ किंवा पराग सोसत नाहींत असें मानण्यास जागा आहे. खरें गजकर्णहि असूं शकतें, व तें मुलांस लागतें. हे सर्व भेद डोळ्यांनीं ठरत नाहींत. कातडी खरवडून व चट्ट्यावर कांच दाबून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावें लागतें. तेवढें करावयास पशुवैद्यांस संकोच न धरतां सांगावें.

मोत्याचें मूळ पिसवांत निघालें. आम्ही शपथेवर सांगत होतों कीं, कुत्र्यास एकहि पिसू नाहीं. त्यांनीं पांढरा कागद ओला करून खालीं धरला व बारीक फणीनें केस विंचरले. काळ्या कणी पडल्या आणि प्रत्येकीभोंवतीं तांबडा डाग पसरला. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलें रक्त होय. ज्या कुत्र्यास पिसवेची लाळ सोसत नाहीं, त्यास थोडे दंशहि पुरतात.

उपचारांत अंग धुण्यास पहिलें स्थान आहे. क्लोरहेक्सिडीनचा २ ते ४ टक्क्यांचा शांपू आठवड्यांतून दोनदां लावावा व फेंस अंगावर घड्याळ लावून १० मिनिटें ठेवावा. लगेच धुतल्यास पैसे पाण्यांत जातात. वरवरच्या पुळ्यांस एवढेंच पुष्कळदां पुरतें, आणि २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनांतहि पोटांतील जंतुनाशकाआधीं यासच पसंती दिली आहे. गोळ्या लागल्याच तर सेफालेक्सिन हें औषध पुष्कळदां देतात; तें कुत्र्याचें वजन करून, सांगितलेले सर्व दिवस द्यावें, व दोन आठवड्यांनीं पुन्हा दाखवावें. अर्धवट गोळ्यांनीं जंतू निर्ढावतात. गुण न आल्यास पुवाचें कल्चर करवून मगच औषध बदलावें.

पिसवांकरितां फ्ल्युरालॅनर किंवा अफोक्सोलॅनर या गोळ्या निघाल्या आहेत. मात्र फेंफरें येणाऱ्या कुत्र्यासंबंधीं तें आधीं सांगावें. शेळ्यामेंढ्यांचें आयव्हरमेक्टिन अंदाजानें टोंचूं नये. कोली जातीच्या व तत्सम कुत्र्यांस तें जीवघेणें ठरतें. याशिवाय पिसवांची अंडीं गोणपाटांत, भेगांत व गोठ्याच्या मातींत पडतात, आणि कोशांत पिसू कित्येक महिने दबा धरून बसते. म्हणून निदान तीन महिने औषध चालू ठेवलें, गोणपाट उकळत्या पाण्यांत घातलें व कुत्र्याची जागा रोज झाडून केर जाळला.

चट्टे दीड महिन्यांत गेले. तेव्हांपासून आम्ही जुन्या वहींत तारीख, खाज, चट्ट्यांची जागा व औषध असे चार रकाने ओढून नोंद ठेवतों. गेल्या भाद्रपदांत मोत्या पुन्हा शेपटीजवळ चावूं लागला. लगेच कागद धरला, तों तांबडे डाग उमटले! औषध तर वेळेवर दिलेलें. दोन दिवस शोधल्यावर कडब्याच्या गंजीमागें मांजर चार पिलें घेऊन बसलेली सांपडली. तिच्या अंगावर पिसवांचा बुजबुजाट होता, आणि तिचें नांव आमच्या वहींत नव्हतें. मांजरास कुत्र्याचें औषध मात्र लावूं नये. त्यांत परमेथ्रिन असल्यास मांजर दगावते. तिच्याकरितां निराळें औषध नाशिकाहून आणावें लागलें.