शौलाची माणसे दाविदाकडे कशी गेली

‘पहिला इतिहास’ या बायबलमधील ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात दाविदाला येऊन मिळालेल्या योद्ध्यांची नावनिशीवार यादी आहे. यादीत अगदी आधी येतात ते बन्यामीन वंशातले धनुर्धारी, दोन्ही हातांनी बाण आणि गोफण चालवणारे, खुद्द शौल राजाचे भाऊबंद. ते सिकलागला पोहोचले तेव्हा शौल जिवंत होता, गादीवर होता. दावीद मात्र फरारी होता आणि इस्राएलाचा शत्रू असलेल्या पलिष्ट्यांच्या आखीश राजाने दिलेल्या गावात आश्रित म्हणून राहत होता. पडत्या राजाला सोडून उगवत्याच्या दारात उभे राहणारे सरदार सगळीकडे सापडतात. इथे मात्र नेता अजून उगवलेलाच नव्हता. मग माणसे गेली कशासाठी?

सोपे उत्तर म्हणजे लोभ, आणि ते शौलानेच देऊन ठेवले आहे. इशायाचा पोरगा, म्हणजे दावीद, तुम्हांला शेते आणि द्राक्षमळे देणार आहे काय, हजारांचे नायक करणार आहे काय, असे तो आपल्या बन्यामिनी सेवकांना झापतो. जमीन आणि हुद्दा यांवरच शिपाई टिकतो, हे त्याला पक्के ठाऊक होते. पण त्या काळात दाविदाकडे वाटायला वीतभर जमीन नव्हती. अदुल्लामच्या गुहेत जमलेले पहिले चारशे जण तर कर्जबाजारी, गांजलेले, मनातून विटलेले लोक होते. पुढे ते सहाशे झाले. या टोळीला एकत्र ठेवणारी गोष्ट बसोर ओढ्याकाठी नीट दिसते. अमालेक्यांनी सिकलाग जाळून बायकापोरे पळवली, तेव्हा चिडलेली माणसे दाविदालाच दगडमार करायला निघाली होती. पाठलागात दोनशे जण थकून ओढ्याशी, सामानापाशी थांबले. लूट परत आल्यावर लढून आलेल्यांतले काही म्हणाले, या दोनशेंना फक्त त्यांची बायकामुले द्या. दाविदाने ठरवले की सामान राखणाऱ्यालाही लढणाऱ्याइतकाच वाटा, आणि तो पुढे नियमच झाला. त्याच लुटीतून यहूदाच्या वडीलधाऱ्यांना भेटी गेल्या, हेब्रोनलाही गेल्या. थोड्याच काळाने हेब्रोनात यहूदाच्या लोकांनी त्याला अभिषेक केला. हे दातृत्व होते आणि राजकारणही; दोन्ही वेगळे काढता येत नाहीत.

पण नुसत्या वाट्यासाठी कोणी पक्ष बदलत नाही. बाजू बदलणाऱ्याला धनी मिळण्याआधी एक भीती जाळते: उद्या मला फितूर म्हणून हिणवले तर? आणि घेणाऱ्यालाही धास्ती असते. बन्यामीन व यहूदाचे लोक गडावर आले तेव्हा दावीद त्यांना सामोरा गेला आणि तोंडावर म्हणाला, मदतीला आला असाल तर आपण एक. दगा द्यायला आला असाल तर देव पाहून घेईल. माझ्या मते दाविदाचे खरे यश इथे आहे. शौलाला सोडणे म्हणजे शौलाशी वैर नव्हे, असा मानाचा रस्ता त्याने खुला ठेवला. शौलाच्या मृत्यूनंतर त्याचा सेनापती अबनेर, शौलाची उपपत्नी रिस्पा हिच्यावरून गादीवर बसलेल्या शौलपुत्र ईश-बोशेथशी बिनसल्यावर, दाविदाशी वाटाघाटी करू लागला. बन्यामिनी लोकांशी तो वेगळा बोलला आणि वीस माणसांनिशी हेब्रोनला आला. त्याला मेजवानी मिळाली. दाविदाचा सेनापती यवाब याने, लढाईत अबनेराच्या हातून मेलेल्या भावाचा सूड म्हणून, वेशीतच त्याला भोसकले, तेव्हा दावीद तिरडीमागे चालला आणि त्या दिवशी जेवला नाही. पुढे दोन बन्यामिनी नायक ईश-बोशेथचे शिर बक्षिसाच्या आशेने घेऊन आले. त्यांना मात्र मरण मिळाले आणि ते शिर अबनेराच्या थडग्यात पुरले गेले. सलाम करायला या, पण जुन्या धन्याचे रक्त नजराणा म्हणून आणू नका, असा तो संदेश होता.

यावर आक्षेप येतो की हे सारे दाविदाच्या दरबाराने रचलेले समर्थन आहे. शौलाच्या घराण्यातला प्रत्येक मृत्यू त्याच्या सोयीचा होता, म्हणून प्रत्येक वेळी त्याचे हात धुतलेले दाखवले आहेत. शंका रास्त आहे. १९९३ साली तेल दान येथे सापडलेल्या इ.स.पू. नवव्या शतकातल्या शिलालेखात ‘दाविदाचे घराणे’ येते, पण त्याने घराणे सिद्ध होते, या भेटीगाठी नव्हेत. तरी समर्थन असले, तरी ते कोणापुढे करावे लागले? ज्यांना हा रक्तपात खुपत होता त्यांच्यापुढेच, म्हणजे मुख्यतः बन्यामिनींपुढे. त्याच बाराव्या अध्यायात दाविदाला राजा करायला हेब्रोनला जमलेल्यांची जी यादी आहे, तिच्यावर तर याहून कडक आक्षेप आहे. ती घटनेनंतर पाचशेहून अधिक वर्षांनी लिहिलेल्या ग्रंथातली, आणि तिच्यातले आकडे उलटे: दाविदाच्या यहूदाचे ६,८००, तर दूरच्या जबुलूनचे ५०,०००, एकूण बेरीज तीन लाखांच्या वर. ग्रंथ म्हणतो तसे इतक्यांना तीन दिवस जेवू घालणे हेब्रोनला झेपले नसते. आकडे सोडूनच द्यावेत. पण याच लेखकाने बन्यामीनचे ३,००० सांगताना, त्यांतले बहुतेक तोवर शौलाच्या घराण्याशीच निष्ठावान होते, ही कबुली ठेवली आहे. दाविदाच्या गुणगानासाठी लिहिणारा हे वाक्य उगाच घालणार नाही.

निष्ठा अशी हप्त्याहप्त्याने आली, म्हणून ती हप्त्याहप्त्याने जाऊही शकत होती. हेब्रोनात इस्राएलाच्या वडिलांनी दाविदाशी करार केला होता, आणि करार मोडता येतो. दाविदाचा मुलगा अबशालोम याच्या बंडात इस्राएल फिरले, तर गथचा परका इत्तय सहाशे माणसांसह दाविदाजवळ राहिला. नंतर शबा नावाच्या बन्यामिन्याने बंडाचे शिंग फुंकले. इ.स.पू. ९३० च्या सुमारास दाविदाचा नातू रहबाम याने कर हलका करायला नकार दिला आणि उत्तरेचे वंश निघून गेले; तेव्हा त्याच्या बाजूने यहूदाबरोबर बन्यामीनही उभे राहिले. राजधानी यरुशलेम बन्यामीनच्या सीमेलगत होती, त्यामुळे यात सोय किती आणि मन किती हे ठरवणे कठीण. पण बहुतांशी उशिरा आलेले शौलाचे लोक दाविदाच्या घराण्याजवळ राहिले.