टपावरचा रंग का उडाला?

१९९०च्या आसपास अमेरिकेत निळ्या, करड्या आणि चंदेरी गाड्यांना जणू त्वचारोग झाला होता. जेमतेम काही वर्षं वापरलेल्या गाडीच्या टपावरून, बॉनेटवरून रंगाचे पोपडे निघत आणि खालचा निस्तेज थर उघडा पडे. फोर्डविरुद्ध तर ग्राहक कोर्टात गेले. बोल मात्र आजही लावला जातो तो पर्यावरणाच्या नियमांना.

ते नियम उगाच आले नव्हते. रंगातलं थिनर वाळताना हवेत जातं आणि वाहनांच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडांबरोबर उन्हात त्याचा ओझोन बनतो. त्या धुरक्यानं लॉस एंजेलिसकर बेजार झाले, तेव्हा १९६६ साली तिथं थिनरसारख्या द्रावकांवर बंधनं आली. १९७०च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर देशभरातले कारखाने त्या कक्षेत येत गेले.

पण पोपड्यांचं मूळ वेगळंच होतं. गाडीचा सांगाडा आधी ई-कोटच्या हौदात बुडवतात. हा इपॉक्सीचा थर गंजाला पुरून उरतो, पण उन्हातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत. त्याचा भुगा होतो. म्हणून त्यावर प्राइमर फवारायचा, मग रंगाचा बेसकोट, शेवटी क्लिअर कोट. त्या काळात अनेक गाड्यांवर हा फवाऱ्याचा प्राइमरच गाळला गेला. वाफा कमी झाल्या आणि खर्चही वाचला. पातळ धातुई छटांमधून ऊन थेट ई-कोटपर्यंत पोचलं, त्याची पकड सुटली आणि वरचा रंग पापुद्र्यासारखा निघाला. नियमानं वाफा कमी करायला सांगितलं होतं. गाडीचं छत्र काढून घ्यायला नाही.

आज अनेक कारखाने पुन्हा प्राइमरशिवाय रंगवतात. फरक इतकाच, की आता बेसकोटचा पहिला हात अतिनील किरण अडवण्यासाठीच बनवलेला असतो. वाफा कमी करण्यासाठी हा बेसकोट द्रावकाऐवजी पाण्यावर आधारलेला असला, तरी उन्हापावसाशी मुख्य सामना असतो तो क्लिअर कोटचा, आणि तो बहुतेक ठिकाणी अजून द्रावकातलाच आहे.

पाण्यावर आधारलेला रंग नाजूक असतो तो वाळताना. पाणी पुरतं उडण्याआधी क्लिअर कोट चढवला, तर भट्टीत त्याची वाफ होऊन बारीक छिद्रं पडतात. कारखान्यात तापमान आणि दमटपणा यंत्रं सांभाळतात. कोकणातल्या गॅरेजवाल्यानं हाच रंग ऐन जुलैत मारायचा म्हटला, तर बंदिस्त बूथ आणि जोरदार ब्लोअर हवेतच.